स्वमग्न सभासदाला वाचनालयाचे कार्यवाहपद : पूर्वतयारी काय करावी?

प्रश्न (एक कार्यकारिणी सदस्य, तालुक्याचे गाव)

आमचे ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडली जाणार असून विद्यमान कार्यवाह वयोमानामुळे पद सोडत आहेत. त्यांच्या जागी आमच्यापैकी काहींच्या मनात एका तरुण सभासदाचे नाव आहे. परिरक्षण अनुदानाच्या हिशेबापासून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालापर्यंत सगळे कागद त्यांना तोंडपाठ आहेत आणि लेखापरीक्षकांच्या शंकांना गेल्या खेपेस त्यांनीच जागेवर उत्तरे दिली होती. ते स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत आणि ही गोष्ट स्वतःच मोकळेपणाने सांगतात.

उघड विरोध कोणाचा नाही, मात्र “काम चोख करतात, पण माणसे कशी सांभाळणार?” असा एक सूर आहे. ज्येष्ठांपैकी एकांनी त्यांना ‘निमंत्रित सदस्य’ म्हणून घ्यावे, असा मधला मार्ग सुचवला आहे. सभेत ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, दोघेतिघे एकदम बोलू लागले की उठून बाहेर जातात आणि ठरावाच्या मसुद्यातील चूक अध्यक्षांची असली तरी तिथल्या तिथे दाखवतात. पदाबद्दल विचारले तेव्हा “कामे नेमकी कोणती, ते लिहून द्या, मग सांगतो,” एवढेच त्यांचे उत्तर आले. असा अनुभव कोणाला आहे का? शिवाय बँकेच्या व्यवहारांवर त्यांच्या सहीला कायद्याची काही आडकाठी येते का?

प्रतिसाद (गृहनिर्माण संस्थेचा सचिव, पुणे)

मी स्वतः स्वमग्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. “लिहून द्या” ही मागणी आढेवेढे म्हणून घेऊ नका. पद स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाने तेच विचारायला हवे. संस्थेच्या घटनेत कार्यवाहाने सभा बोलवावी, इतिवृत्त लिहावे, पत्रव्यवहार सांभाळावा, एवढेच असते. प्रत्यक्षात रुसलेल्या देणगीदाराच्या घरी जाणे, व्याख्यानमालेत शाल कोणाच्या हस्ते द्यायची हे ठरवणे, शिपायाच्या पगारवाढीचा विषय अध्यक्षांच्या कानावर आधी घालणे, अशी अनेक कामे त्याच्याच गळ्यात पडतात आणि त्यांची नोंद कुठेही नसते. ती सगळी कागदावर उतरवा आणि मग त्यांच्याबरोबर बसून वाटणी करा. देणगीदाराकडे अध्यक्षांनी जावे. त्यासाठी कार्यवाहच लागतो असे नाही.

दुसरी गोष्ट सभेची. आपल्याकडील प्रत्येक विषयपत्रिकेच्या शेवटी “अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐन वेळचे विषय” असतात आणि सभेतील बहुतेक भांडणे तिथेच जन्म घेतात. माझ्यासारख्याला तो विषय आला की पुढचे काही सुचत नाही, कारण तयारीच नसते. आमच्या संस्थेत आता असा विषय आदल्या दिवशी लेखी द्यावा लागतो आणि तरीही कोणी आयत्या वेळी काही काढलेच, तर त्यावर बोलता येते, पण निर्णय पुढच्या सभेत होतो. एका वेळी एकानेच बोलायचे, मध्ये थोडी विश्रांती घ्यायची आणि ठराव उठण्यापूर्वी वाचून दाखवायचा, एवढेच आणखी नियम आहेत. ते माझ्यासाठी केले गेले खरे, पण आता कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना आणि स्वयंपाक सोडून आलेल्या काकूंनाही ते हवे असतात.

डोळ्यांविषयी सांगायचे तर, मी समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहू लागलो की त्याचे बोलणे डोक्यात शिरत नाही. टेबलाकडे पाहिले की शब्दन्‌शब्द ऐकू येतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असून, परस्परांना समजून घेण्यातील ही अडचण एकाच बाजूची नसते, अशी मांडणी त्यांनी 2012 मध्ये केली. “माणसे कशी सांभाळणार” असे विचारणाऱ्यांना, ती माणसे त्यांना कशी सांभाळून घेणार आहेत, हेही विचारावे.

निमंत्रित सदस्याला साधारणपणे मताचा अधिकार नसतो. राबवून घ्यायचे आणि मत द्यायचे नाही, हा कसला मधला मार्ग?

प्रतिसाद (विश्वस्त संस्थांची कामे पाहणारी वकील)

केवळ निदानामुळे सहीचा अधिकार जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्याच्या अनुसूचीत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि कलम 13 मध्ये इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता व स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. न्यायालयाने किंवा राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीने त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमला असेल तरच वेगळा विचार करावा लागेल आणि तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. जुन्या घटनांमध्ये ‘विकल मनाची व्यक्ती’ अपात्र ठरवणारे कलम आढळते. ते दाखवून कोणी हरकत घेतली, तर स्वमग्नता म्हणजे मनोविकलता नव्हे, हे इतिवृत्तात नोंदवून ठेवा. बाकी सगळे नेहमीचेच : सह्यांच्या बदलाचा ठराव बँकेत द्या आणि संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) दाखल करा. निदानाचा उल्लेख यांपैकी कोणत्याही कागदावर करण्याचे कारण नाही.

प्रतिसाद (एक पालक, नाशिक)

माझी मुलगी स्वमग्न आहे आणि ती बोलत नाही, टॅबवर टंकते. आपल्या देशात या क्षेत्रातील बऱ्याच संस्था पालकांनी उभ्या केल्या. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ 1991 ची. अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींनीच चालवलेली ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ 2006 पासून काम करते आहे. ‘आमच्यासाठी’ आणि ‘आमची’ यांतले हे अंतर आम्हा पालकांनाही अजून पचलेले नाही. तरी मला काळजी वाटते ती दगदगीची : सगळ्यांच्या तक्रारी ऐकून हा मुलगा महिनाभरात थकून गेला तर? पहिले वर्ष सहकार्यवाह म्हणून घ्यावे, असे सुचवते.

प्रतिसाद (गृहनिर्माण संस्थेचा सचिव, पुणे)

ताई, काळजी रास्त आहे, पण इतर कोणत्या उमेदवाराला आपण वर्षभर उमेदवारी करायला लावतो? सहकार्यवाह अवश्य द्यावा, तो त्यांच्या हाताखाली. तक्रारी वहीत लेखी घ्याव्यात आणि त्यांनी आठवड्यातील एका ठरावीक संध्याकाळी उत्तरे द्यावीत. रात्रीअपरात्रीचे फोन सहकार्यवाहाने घ्यावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कामांची यादी करायला बसलो तेव्हा विद्यमान कार्यवाहांनाच ती पाहून आश्चर्य वाटले. यादी त्या तरुण सभासदाला दिली. देणगीदारांच्या भेटी आणि सत्कार त्यांनी खोडले, बाकी मान्य केले आणि खाली एक शंका लिहून पाठवली : घटनेत सभेची सूचना ‘टपालाने’ असे असताना आपण ती काही वर्षे केवळ व्हॉट्सॲपवर पाठवत आलो आहोत, तर त्या सभांमधील ठराव ग्राह्य कसे? वकील ताईंनी यावर कृपया मार्गदर्शन करावे.