मदत हवी आहे: दोन अर्धवेळ विद्यार्थी घ्यावेत की एक पूर्णवेळ कर्मचारी?

नमस्कार. माझे यंत्रदुरुस्तीचे लहान केंद्र आहे. आठवड्याला 40 तासांचे काम वाढले असून त्यासाठी एक पूर्णवेळ कर्मचारी नेमावा, की प्रत्येकी 20 तासांचे दोन विद्यार्थी घ्यावेत, यावर मी अडलो आहे.

वरवर पाहता विद्यार्थी परवडतात. झालेल्या तासांचेच पैसे द्यावे लागतात, मंदीत तास कमी करता येतात आणि काही देशांत मालकाने भरायच्या सामाजिक विम्याच्या वर्गणीतही सवलत असते. जर्मनीत सत्र चालू असताना काम आठवड्याला 20 तासांच्या आत असेल, तर मालकाला आरोग्य व बेरोजगारी विम्याची वर्गणी साधारणपणे भरावी लागत नाही, निवृत्तिवेतनाची मात्र भरावी लागते.

शिकवण्याचा हिशेब मांडला की हा फायदा आटतो. आमच्याकडे नवा माणूस स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत साधारण 160 तास जातात, म्हणजे पूर्णवेळ माणसाचे चार आठवडे आणि विद्यार्थ्याचे आठ. तो सहा महिन्यांत सोडून गेला, तर जवळजवळ एक तृतीयांश काळ शिकण्यातच सरलेला असतो. शिवाय शिकवणाऱ्या जुन्या कारागिराचा वेळ दोघांसाठी दोनदा जातो, आणि तो कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

मागे एका विद्यार्थ्याने परीक्षेच्या रजेवर जाण्यापूर्वी एक यंत्र उघडले होते. स्क्रू तीन वाट्यांत नीट काढून ठेवले होते, पण कोणत्या वाटीतले कोणत्या झाकणाचे, याची चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या कारागिराचा अर्धा दिवस त्यात गेला. दोष त्या मुलाचा नव्हता. अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती कसे सोपवायचे, हे मीच त्याला शिकवले नव्हते. एरवी तो अतिशय मन लावून काम करी आणि बिघाडाच्या मुळाशी गेल्याशिवाय थांबत नसे, म्हणूनच विद्यार्थ्यांना दार बंद करावेसे वाटत नाही. मात्र वर्षभर चालणारे काम केवळ स्वस्त पडते म्हणून त्यांच्यावर टाकणेही मला पटत नाही.

ज्यांनी दोन्ही प्रकारची माणसे सांभाळली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: विद्यार्थी किमान किती महिने टिकला तर शिकवण्याचा खर्च भरून निघतो? परीक्षेच्या रजेच्या तारखा करारात आधीच लिहून घेता का? आणि पूर्णवेळ माणूस नेमून केवळ गर्दीच्या दिवसांसाठी एक विद्यार्थी ठेवला, तर त्याला शिकण्यासारखे काम पुरेसे उरते का?