मदत हवी आहे : मुंबई–गोवा किनाऱ्यावर शिडाच्या नौकेसाठी थांबे

सुकाणू२८ : माझी २८ फुटी शिडाची नौका रविवारी निघणार आहे. मुंबई आणि गोव्याच्या दरम्यान ओहोटीलाही निर्धास्त शिरता येईल असे थांबे हवे आहेत. नकाशात खाड्या पुष्कळ दिसतात, पण मुखाशी वाळूचा दांडा नसलेल्या कोणत्या, हे कळत नाही. ‘आधी अनुभव घ्या’ असे कृपया सांगू नये.

खाडीकाठ : नौकेची कील, म्हणजे तळाचा पाण्याखाली जाणारा कणा, किती खोल आहे आणि आपण उत्तरेला निघालात की दक्षिणेला, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुकाणू२८ : दीड मीटर. नौका गोव्यात घेतली असल्याने मुंबईकडेच येणार, हे उघड आहे.

खाडीकाठ : ते उघड नव्हते, आणि सारा फरक त्यानेच पडतो. सध्या जानेवारीत दुपारनंतरचा समुद्रावरून येणारा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे आपल्या थेट तोंडावर येईल. म्हणून रात्री व पहाटे, मतलई वारा किनाऱ्यावरून आडवा मिळत असताना, अंतर कापावे. गोव्यातले मुरगाव बंदर ते विजयदुर्ग सुमारे ७५ सागरी मैल, तेथून जयगड ४५ आणि पुढे मुंबई जवळपास १००.

तांडेलाचा नातू : विजयदुर्गाला तोड नाही, वाघोटण खाडीत पाणीही आहे आणि आडोसाही. दाभोळच्या मुखाशी मात्र दांडा आहे, आणि मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत अंधारात शिरणे म्हणजे वेडेपणा.

दूरचा पल्ला : थांबावेच कशाला? पंचवीस मैल बाहेर राहून सलग या, मासेमारीची जाळी टळतात.

तांडेलाचा नातू : जाळी ओढणारे ट्रॉलर तिथेही असतात. धागाकर्ते एकटे आहेत का?

सुकाणू२८ : होय, ते लिहायचे राहिले.

तांडेलाचा नातू : मग सलग दोन रात्री जागणार कोण?

रस्तेवाला : नौका ट्रेलरवर चढवून महामार्गाने आणली, तर एका दिवसात पोहोचेल.

सुकाणू२८ : रस्त्याविषयी मी विचारलेलेच नाही. जयगडनंतर काय?

खाडीकाठ : सुमारे ६० मैलांवर जंजिऱ्यालगतची राजपुरी खाडी, दिघीच्या बाजूने शिरावे. मुरगावहून रात्री आठला निघालात आणि पाच नॉटचा (तासाला पाच सागरी मैल) वेग राखता आला, तर विजयदुर्ग सकाळी अकराच्या सुमारास, उजेडात, गाठता येईल. नौकेला इंजिन आहे ना?

सुकाणू२८ : आहे, परंतु ते दुरुस्तीला दिले आहे, शनिवारी मिळेल.

खाडीकाठ : तर मग दुरुस्त इंजिन चालवून पाहिल्याशिवाय एकट्याने निघू नका; रविवारचे निघणे आधी रद्द करा.