मदत हवी आहे: फेलूदा कुठल्या क्रमाने वाचावा? आणि तोपशे त्याचा नक्की कोणता भाऊ?

नमस्कार मंडळी,

रद्दीवाल्याकडे सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांचा एक जाडजूड इंग्रजी खंड हाती लागला. पुढची पानं गायब, त्यात अनुक्रमणिकाही गेली. दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला जायचं होतं आणि चाळताना नेमकी कैलास लेण्याची गोष्ट समोर आली. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं डोकं तोडून पळवतात आणि माग काढत फेलूदा थेट वेरूळला येतो. पाचवीतल्या भाचीला रोज रात्री थोडी थोडी, जमेल तशा मराठीत वाचून दाखवली. मग काय, सोळा नंबरच्या लेण्यात गाइड हत्ती दाखवतोय आणि ही बया चोर लपेल असा खांब शोधतेय!

आता तिला सगळा फेलूदा हवाय. कुठून सुरू करू? एका गोष्टीत फेलूदाचा मित्र जटायू आहे, दुसरीत त्याचा पत्ताच नाही, त्यामुळे आमचा गोंधळ उडतो. मराठीत चांगला अनुवाद आहे का? रात्री दहा वाजता डोक्यातल्या डोक्यात भाषांतर करून माझा जीव जातो.

आणि खरं घोडं इथे अडलंय. तोपशे हा फेलूदाचा 'कझन'. मी वाचताना बिनधास्त 'मामेभाऊ' ठोकून दिलं. भाची म्हणाली, "मामा, दोघांचं आडनाव मित्तिर आहे, मग मामेभाऊ कसा?" मी गप्प. कोणी बंगाली जाणणारं आहे का इथे?

प्रतिसाद

भाची तुमच्यापेक्षा बरी गुप्तहेर आहे! तो चुलतभाऊच. पण गंमत म्हणजे 1965 साली 'संदेश' मासिकात आलेल्या पहिल्या, दार्जिलिंगच्या गोष्टीत तो मावसभाऊ होता. पुढे रायांनीच त्याला चुलत करून टाकला. इंग्रजीत सगळेच कझन, त्यामुळे ही भानगड दिसत नाही.

पहिल्यापासून वाचायची सक्ती नाही. जैसलमेरच्या 'सोनार केल्ला'पासून धरा. जटायू म्हणजे लालमोहन गांगुली त्यातच पहिल्यांदा भेटतात, आगगाडीत. रहस्यकथा लिहून नाव कमावलेला हा गृहस्थ उंटाबद्दल काहीतरी ठोकून देतो आणि फेलूदा त्याची चूक काढतो. खरी मजा तिथून सुरू होते. दार्जिलिंग, लखनौ, गंगटोक नंतर वाचलंत तरी चालेल, फक्त त्यांत जटायू नाही हे भाचीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुसेल. एक पथ्य मात्र पाळा: काशीची गोष्ट काठमांडूच्या आधी. मगनलाल मेघराज हा खलनायक काशीत पहिल्यांदा येतो. जटायूंना फळीला टेकवून उभं करून त्यांच्या भोवती सुरे फेकायला लावतो, तो प्रसंग मोठ्याने वाचा. तो माहीत असला की काठमांडूत मगनलाल पुन्हा दिसताच पोटात गोळा येतो.

मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद आहेत, रोहन प्रकाशनाचे. सुटी, छोटी पुस्तकं आहेत, पाचवीतली मुलगी स्वतःच वाचेल.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! मावसभावाचं ऐकून भाचीने मला माफ केलंय. "लेखकच चुकला, मग तुझं काय," म्हणाली. पण स्वतः वाचायला साफ नकार. जटायूचा आवाज मामानेच काढायचा म्हणे.