आंब्याच्या पेटीवर जाड स्लॅब सेरिफ फॉन्ट चालेल का?

हापूस_देवगड:
मंडळी, यंदा पुठ्ठ्याच्या पेट्या आपल्याच नावाने छापून घ्यायच्यात. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, म्हणून नाव इंग्रजी नि मराठी दोन्हीत हवंय. डिझाइन करणाऱ्या पोराने इंग्रजीला अल्फा स्लॅब वन हा स्लॅब सेरिफ फॉन्ट लावलाय, एकदम दणकट, अक्षरांच्या टोकांना चौकोनी ठोकळे. मला जाम आवडला पण घरी म्हणतात सर्कशीचं पोस्टर वाटतंय. ठेवू की बदलू? आणि मराठीला काय लावू?

खाडीकाठ:
घरचे बरोबर बोलतायत की, हा प्रकार जन्मलाच जाहिरातींसाठी. इंग्लंडात १८१५ च्या आसपास व्हिन्सेंट फिगिन्सने अशी अक्षरं काढली, लांबून नजरेत भरावी म्हणून, आणि तुझा अल्फा स्लॅब पण थोरोगुड या टाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या १८२१ च्या अक्षरांवरून केलेला आहे. पेटी मार्केटात शंभर पेट्यांच्या थप्पीत असते, तिथे ओरडणारंच अक्षर पाहिजे. ठेव बिनधास्त.

छापखाना_रत्नागिरी:
दिसण्याचं सोडा, आधी छपाई बघा. पन्हाळी पुठ्ठ्यावर फ्लेक्सोने, म्हणजे रबरासारख्या उठावाच्या प्लेटने छापतात, प्लेट मऊ, पुठ्ठा वरखाली, शाई दाबाने पसरते. बारीक रेघ असली की तुटते नाहीतर वेडीवाकडी येते, स्लॅबमध्ये ठोकळेसुद्धा दांड्याइतकेच जाड म्हणून तो तगतो. पण तीच जाडी लहान आकारात नडते, बी नि आरच्या पोटातली पोकळी बुजून काळा डाग होतो. म्हणून फक्त नावाला वापरा, कॅपिटलमध्ये, अक्षरांत जरा अंतर सोडून. पत्ता, वजन, डझन हे साध्या फॉन्टात.
मराठीला ठोकळे शोधत बसू नका, शिरोरेघ आहे तिथे ते कशाला, जाडी जुळली की झालं. मोदक नावाचा फॉन्ट दिसतो झकास पण त्यातल्या फटी केसाएवढ्या, पुठ्ठ्यावर भरणारच. रोझा वन फॉन्टच्या बारीक रेघा उडतील. मुक्ता एक्स्ट्राबोल्ड घ्या, इंग्रजीपेक्षा थोडा मोठा ठेवा नाहीतर मराठी नाव बारकं दिसतं.

मालवणी_माणूस:
रे, अक्षरा कितीय जाड कर, आतलो आंबो गोड होयो. आणि एकाच रंगात छाप, दुसऱ्या रंगाक दुसरी प्लेट लागता, खर्च वाढता.

बाळूमामा७८:
मुक्ता सपक वाटतो यार. बलू टू घे, गुबगुबीत आहे, हापूसला शोभतो.

छापखाना_रत्नागिरी:
बलू गोल, स्लॅब चौकोनी, शेजारी ठेवून बघा, दोघं भांडल्यासारखे दिसतात. फुकट मात्र दोन्ही आहेत, धंद्याला वापरले तरी चालतं.

हापूस_देवगड:
मुक्ताच मग. बाजूला जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा लोगो पण टाकू ना? २०१८ ला मानांकन मिळालंय हापूसला.

खाडीकाठ:
तुझी स्वतःची नोंदणी झाली असेल तरच टाक, मानांकन मिळालं म्हणून कुणीही लावायचा नसतो तो. आणि प्लेट बनवायच्या आधी एका कोऱ्या पेटीवर प्रिंट चिकटवून दहा पावलांवरून बघ.