उबर चालवणारा हाकान शुकुर: बिचारा वगैरे काही नाही

बारावा_गडी
परवा इथेच एका भल्या माणसाने तुर्कस्तानचा जुना फुटबॉलपटू हाकान शुकुर याच्यावर पोस्ट टाकलेली, बहुतेकांनी वाचली असेल. वर्ल्डकपमधला सगळ्यात फास्ट गोल मारणारा अमेरिकेत उबर चालवायला लागला, खरं बोलला म्हणून देशोधडीला लागला, शेवटी हात जोडलेले इमोजी. आणि खाली लाइनीने "निःशब्द". अरे निःशब्द कसले होताय, इंटरव्हलनंतर थेटरात शिरलात आणि हिरोसाठी रडायला लागलात.

हा माणूस 2011 ला तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांच्या पक्षाकडून इस्तंबूलचा खासदार झाला, कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. 1995 ला याचं लग्न लागलं ते टीव्हीवर लाइव्ह, लावणारा कोण तर तेव्हाचा इस्तंबूलचा महापौर, म्हणजे हेच एर्दोआन, आणि पाहुण्यांत फेतुल्ला गुलेन, म्हणजे तो धर्मगुरू, जो पुढे एर्दोआनचा शत्रू झाला. सगळे एका पंगतीला. डिसेंबर 2013 मध्ये याने पक्ष सोडला तो काय लोकशाहीचा पुळका आला म्हणून नाही, सरकार गुलेनवाल्यांचे कोचिंग क्लास बंद करायला निघालं म्हणून. घरातली भांडणं झाली, हा हरणाऱ्या बाजूला निघाला, एवढंच.

खेळाडू म्हणून दंडवत. तुर्की लीगमध्ये 249 गोल, रेकॉर्ड आहे. देशाकडून 112 मॅच 51 गोल, इस्तंबूलच्या गालातासराय क्लबबरोबर आठ लीग आणि 2000 चा युएफा कप. पण हुतात्मा करू नका राव.

गालाता_खुळा
ती पोस्ट माझीच होती आणि भला माणूस म्हटल्याबद्दल आभार. आता ऐका. वडिलांना अटक झाली, प्रॉपर्टी जप्त, स्वतःवर वॉरंट, परत गेला तर थेट जेल. हे सगळं एका खासदारकीच्या बदल्यात? तुमच्या हिशोबाने ज्याने कधी चुकीच्या पक्षाला साथ दिली त्याचं घरदार उठवायचं, मग आपल्याकडे किती घरं उरतील ते मोजा.

आणि तुम्ही सोयीने विसरलात ते सांगतो. मार्च 2017 ला गालातासरायच्या सभेत सभासदांनी त्याला आणि त्याचा जुना साथीदार आरिफ एर्देमला काढायला चक्क नकार दिला होता. मग क्रीडामंत्र्याने डोळे वटारले आणि दोन-चार दिवसांत बोर्डाने गुपचूप दोघांची मेंबरशिप काढली. 2000 च्या युएफा कपच्या सेमीफायनलला लीड्सविरुद्ध दोन्ही लेगमध्ये गोल मारणारा माणूस, कोपनहेगनच्या फायनलला आर्सेनलविरुद्ध शूटआउटमध्ये पेनल्टी मारणारा माणूस. ज्यांनी ती कपाटातली ट्रॉफी आणली त्यातल्या दोघांना बाहेर, ट्रॉफी मात्र आत. वा.

सदाशिव_ऑफसाइड
दोन दुरुस्त्या. गोल 11 सेकंदांचा म्हणतात पण अधिकृत नोंद 10.8 ची आहे. आणि 2002 च्या त्या तिसऱ्या नंबरच्या मॅचला किकऑफ कोरियाचा होता, म्हणजे बॉल यांच्याकडे नव्हताच. कोरियाचा हाँग म्युंग बो गाफील राहिला, याचा जोडीदार इल्हान मान्सिझने बॉल काढून दिला, याने नुसता ढकलला. त्याआधी अख्ख्या वर्ल्डकपमध्ये हाकानचा एकही गोल नव्हता. त्या मॅचमधले बाकीचे दोन इल्हानचे. पण नाव कुणाचं झालं?

बारावा_गडी
साहेब, तो गोल मी बघितलेलाच नाही. 29 जून 2002, आपल्याकडे दुपारी साडेचारची मॅच, आमच्या केबलवाल्याने बरोबर साडेचारला चॅनल घालवला. फोन केला तर म्हणे "टाकी भरतोय, येतो". टाकीचा आणि केबलचा काय संबंध. चॅनल आला तेव्हा 3-1. वीस वर्षं लोकांना सांगतोय की लाइव्ह बघितला, आज पहिल्यांदा खरं बोललो.

ताई_मिडफील्ड
केबलवाल्यावर वेगळा धागा काढा, दोनशे रिप्लाय पडतील.

मला मूळ पोस्टमधलं दुसरंच खटकलं. "गालातासरायचा सर्वकालीन महान" असं बिनधास्त लिहिलंय. मेतिन ओक्ताय कोण मग? तुर्कस्तानात नॅशनल लीगच 1959 ला सुरू झाली, त्याआधीची चार वर्षं मेतिन इस्तंबूल लीगमध्ये खोऱ्याने गोल मारत होता, ते यात मोजतच नाहीत. तरी 217. हाकानच्या 249 मध्ये साकार्या आणि बुर्सा या आधीच्या क्लबांचे पण आहेत. 1959 च्या फायनलला कट्टर वैरी फेनेरबाहचेविरुद्ध मारलेल्या गोलने जाळी फाटली होती, आणि 1969 ला निरोपाच्या मॅचमध्ये त्याच फेनेरच्या जान बार्तुबरोबर शर्ट बदलून विरोधी टीमकडून खेळला. दुश्मनाच्या शर्टात, आणि शिव्या नाही पडल्या, टाळ्या पडल्या. क्लबने फ्लोरियाच्या ट्रेनिंग ग्राउंडला मेतिनचं नाव दिलं. हाकानला लोक "क्राल" म्हणायचे, राजा. मेतिनला "बिनमुकुटाचा राजा". मुकुट नसलेला टिकला, एवढंच म्हणते.

पिवळा_निळा
हे गालातावाल्यांचं घरगुती भांडण चालू द्या, पण 3 जुलै 2011 कुणी काढणार आहे का नाही? मॅचफिक्सिंगच्या नावाखाली आमच्या फेनेरच्या अध्यक्षाला जेलमध्ये टाकलं, चॅम्पियन्स लीगला पाठवलं नाही. नंतर फेरखटल्यात सगळे निर्दोष. आमचे लोक म्हणतात की पोलिसात आणि कोर्टात बसलेल्या गुलेनवाल्यांनी रचलेला कट होता तो. त्या वेळी शुकुर साहेब कुठे होते? खासदारकीची शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. तेव्हा अन्याय दिसला नाही. स्वतःच्या दाराशी आला तेव्हा दिसला.

गालाता_खुळा
आलेच. कुठलाही विषय काढा, फेनेरवाला 3 जुलै घेऊन हजर. हाकानने तो खटला भरला होता का? 2005 च्या कप फायनलला 5-1 ने धुतलं आणि हाकानने हॅटट्रिक मारली, खरी जखम ती आहे, बाकी सगळं मलम.

कोलोनकर
मी बारा वर्षं जर्मनीत, ऑफिसमध्ये निम्मे तुर्की. तुमच्या दोघांचं भांडण मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघतो म्हणून लिहितोय. एका सहकाऱ्याचा चुलत भाऊ तिकडे शाळामास्तर, 2016 च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर (सरकारने खापर गुलेनवाल्यांवर फोडलं) सरकारी यादीत नाव आलं आणि नोकरी गेली. असे लाखाहून जास्त लोक काढले. हा भाऊ म्हणे फक्त चुकीच्या, म्हणजे गुलेनवाल्यांच्या बँकेत खातं ठेवून होता. त्याच टेबलावर दुसरा बसतो, तो म्हणतो 2010 ला सरकारी भरतीचे पेपर फुटले ते गुलेनवाल्यांनीच आपल्या पोरांना दिले, माझी बहीण त्याच परीक्षेला बसली होती, दोन वर्षं रात्री जागून अभ्यास करत होती. पेपरफुटी म्हणजे काय ते आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. आणि उठावाच्या रात्री अडीचशे माणसं मेली. शुकुर म्हणतो माझा त्याच्याशी काही संबंध नाही, असेलही, कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही. पण त्या टेबलावर दोघंही खरं बोलतात आणि दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मी मधे बसतो, मीठ इकडून तिकडे देतो.

एकदा मी मुद्दाम हाकानचं नाव काढलं, विषय बदलावा म्हणून, फुटबॉल तरी बोलतील. दोघंही गप्प. मग पहिला हळूच म्हणाला, "हेडर काय मारायचा पण." दुसऱ्याने मान हलवली. बास.

रंकाळ्याचा_वारा
आता आमचं ऐका भावांनो. हे खेळाडूचं नाव, फोटो काढून टाकायचं प्रकरण काय नवीन न्हाई. आमच्या कोल्हापुरात तालमींच्याच फुटबॉल टीमा, तर आमच्या तालमीत भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो हुते, त्यात एक गोलकीपर, लई भारी माणूस, मोडलेल्या बोटानं फायनल खेळलेला. रिटायर झाल्यावर नगरसेवकाला उभा राहिला, आणि तालमीचा पाठिंबा हुता दुसऱ्याला. दुसऱ्या दिवशी फोटो गायब. भिंतीवर नुसता चौकोन, बाकीची भिंत कळकट आणि तेवढाच चौकोन पांढरा. ज्येला म्हाईत न्हाई तो बी विचारायचा, हितं कोण हुतं? म्हणजे फोटो हुता तवा कोण बघत नव्हतं, काढल्यावर समदी बघायला लागली.

सदाशिव_ऑफसाइड
कोल्हापूर आलं एकदाचं. तुर्कस्तानपासून दोन रिप्लायात पोचले, कौतुक आहे. तालीम आणि यूएफा कप जिंकलेला क्लब यात फरक आहे हो.

रंकाळ्याचा_वारा
फरक हाय की. आमच्यात पगार न्हाई, एका वड्यावर खेळत्यात पोरं. शाहू स्टेडियमला तालमींची मॅच असली की दुकानं बंद करून माणसं येत्यात, पुण्यात तुमच्या फुटबॉल बघाय चार टाळकी जमत न्हाईत आणि आम्हाला शिकवालाय.

सदाशिव_ऑफसाइड
येतात ना, आणि मॅच संपल्यावर दगडं पण येतात. दर सीझनला बातमी असते. शिकण्यासारखं आहे खरंच.

रंकाळ्याचा_वारा
दगड मारायला बी कायतरी जीव लागावा लागतो. तुमी घड्याळ लावून 10.8 का 11 ते बघा.

ताई_मिडफील्ड
दोघांनाही यलो कार्ड. पण तो पांढऱ्या चौकोनाचा मुद्दा मला पटला. 2022 च्या वर्ल्डकपला तेच झालं की. कॅनडा-मोरोक्को मॅच, झियेशने चौथ्या मिनिटाला गोल मारला, तुर्की सरकारी चॅनल टीआरटीचा कॉमेंटेटर आल्पेर बाकिरजिगिल सहज म्हणाला की सगळ्यात फास्ट गोल हाकान शुकुरचा. हाफटाइमला माईक काढून घेतला, त्याच दिवशी नोकरी गेली. कितीतरी तुर्की पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा हाकानचे व्हिडिओ शोधून बघितले असतील. सरकारने फुकटात जाहिरात केली.

पिवळा_निळा
कॉमेंटेटरचं वाईटच झालं, ते मान्य. त्या बिचाऱ्याने खरंच काही केलं नव्हतं. बघा, बिचारा शब्द कुठे वापरायचा ते.

सदाशिव_ऑफसाइड
आणि एक राहिलंच. युरोपात फ्लॉप होता. टोरिनोत 5 मॅच 1 गोल आणि घरची आठवण येते म्हणून परत. इंटर, पार्मा, कुठेच जम नाही.

गालाता_खुळा
ब्लॅकबर्नला गेला तेव्हा ट्रेनिंगमध्ये पाय मोडला, तरी येऊन दोन गोल मारले. त्याला तिकडे नेणारा कोच कोण होता आठवतंय का? सूनेस! 1996 ला गालाताचा कोच असताना फेनेरच्या मैदानात मधोमध आपला झेंडा रोवणारा. @पिवळा_निळा, नमस्कार.

पिवळा_निळा
ब्लॉक.

बारावा_गडी
बरं, धागा मी काढला तर थोडं मी पण मागे येतो, उगाच अहंकार नको. क्लबने मेंबरशिप काढायला नको होती. सभासद नाही म्हणाले होते, तिथेच विषय संपायला हवा होता. कॉमेंटेटर तर निव्वळ लाज. रेकॉर्ड बुकातून माणूस काढता येत नाही, 249 च्या खाली नाव कुणाचं लिहिणार. पण उबर चालवली म्हणून मला गहिवर येणार नाही. आमच्या सोसायटीतले दोन जण एमएस्सी करून रिक्षा चालवतात, त्यांच्यावर पोस्ट टाकली का कुणी? कष्टाचं काम आहे, चालवली तर चालवली. एवढी माघार पुरे.

गालाता_खुळा
मोठ्या मनाचे आहात. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कोलोनकर
@रंकाळ्याचा_वारा, त्या गोलकीपरच्या फोटोचं पुढे काय झालं?

रंकाळ्याचा_वारा
इलेक्शन हरला, मग लावला परत. पण जुन्या जागी न्हाई. तिथं आता नव्या अध्यक्षांचा हाय. ह्येचा लाइटच्या मीटरशेजारी लावलाय, रिडिंग घ्यायला येणारा तेवढा बघतो.