सायबरडेकवर आर्मरच्या दोन प्रती: नियमाचा अर्थ कसा लावावा?

कोलशेतचा जीएम
नमस्कार. ठाण्यात कोलशेतला आम्ही पाच जण दर शनिवारी सायबरपंक रेड हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ खेळतो आणि संचालन माझ्याकडे असते. आमच्या नेटरनरकडे, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात घुसणाऱ्या पात्राकडे, साधा सायबरडेक (त्यासाठीचा संगणक) आहे, म्हणजे प्रोग्राम बसवायला ७ स्लॉट. त्याची इंटरफेस ही क्षमता ४ असल्यामुळे एका फेरीत जाळ्यातल्या ३ कृती, म्हणजे ३ नेट अ‍ॅक्शन मिळतात. गेल्या खेळात त्याने मेंदूची इजा ४ ने कमी करणारा आर्मर हा प्रोग्राम दोनदा बसवला, दोन्ही प्रती एकाच वेळी चालू ठेवल्या आणि हेलहाउंड या जाळ्यातल्या हल्लेखोर प्रोग्राममुळे मेंदूला होणाऱ्या इजेतून ४ ऐवजी ८ वजा केले. खेळ अडू नये म्हणून मी ते मान्य केले, पण तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. दोन स्लॉट खर्च केले असतील तर लाभही दुप्पट मिळायला हवा, हे त्याचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आता तो दुसरा डेकही विकत घेणार आहे. नियम नेमका कसा वाचावा?

ऐरोलीकर
आर्मरच्या वर्णनात दोन अटी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाचल्या पाहिजेत. एका वेळी एकच प्रत चालू राहू शकते, ही पहिली अट. प्रत्येक प्रत एका नेटरनमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या एका घुसखोरीत, एकदाच वापरता येते, ही दुसरी. दोन प्रती बसवायला कुठेही मनाई नाही. मनाई आहे ती त्या एकत्र चालवायला. मी महापेला सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे मला हा फरक रोजचा आहे: डिस्कवर पडून असलेला प्रोग्राम जागा अडवतो, पण चालू केल्याशिवाय काम करत नाही. स्लॉटचे तसेच आहे. दुसरी प्रत ही राखीव आहे. पहिली बंद पडल्यावर एक नेट अ‍ॅक्शन खर्चून ती चालू करता येते. तेवढ्यासाठी ७ पैकी एक स्लॉट अडवणे परवडते का, हे खेळाडूने ठरवायचे आहे.

वाशी खाडीपूल
वरील उत्तराशी मी सहमत आहे, आणि अट का घातली असावी हेही सांगावेसे वाटते. हेलहाउंडची इजा दोन सहा-बाजूंच्या फाशांची, म्हणजे सरासरी ७. त्यातून ४ वजा झाले तर नेटरनरला झळ बसते, पण तो टिकतो. ८ वजा झाले तर बहुतेक वेळा काहीच उरत नाही आणि ब्लॅक आइसची, म्हणजे हेलहाउंडसारख्या प्रोग्रामची, भीतीच संपते. अंगावरच्या चिलखताचा नियमही असाच आहे: दोन थर घातले तरी त्यांची बेरीज होत नाही, जास्त संरक्षण देणारा थरच मोजतात.

दुसऱ्या डेकविषयी माझे मत असे, की त्यावरची प्रत ही निराळी प्रत आहे, त्यामुळे अट मोडत नाही. मात्र डेक बदलायचा तर जाळ्याबाहेर पडून पुन्हा त्याच्या पहिल्या मजल्यापासून उतरावे लागते, आणि सुरक्षितपणे बाहेर न पडता अ‍ॅक्सेस पॉइंटपासून (जाळ्याला जोडण्याच्या जागेपासून) ६ मीटरच्या पलीकडे गेल्यास वाटेत भेटलेल्या प्रत्येक जिवंत ब्लॅक आइसचा फटका बसतो. एवढी किंमत मोजणाऱ्याला मी अडवणार नाही.

आमच्याकडे जाड पुठ्ठ्यावर सात चौकोन आखले आहेत. बसवलेल्या प्रोग्रामची चिठ्ठी चौकोनात पालथी ठेवतो आणि चालू केला की उलटतो. ब्लॅक आइसला दोन चौकोन लागतात, म्हणून तिची चिठ्ठीच दुप्पट लांब कापली आहे. हे केल्यापासून काय बसवले आहे आणि काय चालू आहे यावर एकदाही वाद झालेला नाही.

ऐरोलीकर
एक भर घालतो. किलर या ब्लॅक आइसने केलेल्या इजेमुळे आर्मर बंद पडण्याची वेळ आली, तर तो नुसता बंद पडत नाही, नष्ट होतो. राखीव प्रतीचे खरे मोल तिथे कळते.

कोलशेतचा जीएम
दोघांचेही मनापासून आभार. या शनिवारी खेळ सुरू होण्यापूर्वी एका वेळी एकच आर्मर चालेल असे सर्वांसमोर सांगेन. दुसरी प्रत काढून तिच्या जागी दुसरे काही बसवायचे असल्यास नेटरनरला विनामूल्य बदल करू देईन. मागच्या खेळात वाचलेली इजा मात्र त्याच्याकडून आता वसूल करणार नाही, कारण तो निर्णय मीच दिला होता.