नायट्रोजन कुठे चालतो, कुठे नाही

‘हेलियम एवढा महाग, मग फ्यूजनच्या मॅग्नेटना द्रव नायट्रोजन का वापरत नाहीत?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. (फ्यूजन म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणं; त्यातला अतितप्त वायू मॅग्नेट धरून ठेवतात.) नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला. या मॅग्नेटच्या तारा असतात निओबियम-टिनच्या; त्यांची सुपरकंडक्टिव्हिटी (विरोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण) १८ केल्विनच्या आसपासच संपते आणि जोरदार चुंबकीय क्षेत्रात तर त्याच्याही बरीच आधी. म्हणून आयटरमध्ये (फ्रान्समध्ये उभारला जात असलेला आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्प) ४ केल्विनच्या आसपासचा हेलियम लागतो.

मी नाशिकला एमआरआय सेंटरमध्ये काम करतो. रात्री शेवटचा पेशंट गेला तरी कोल्ड हेडची (मॅग्नेट थंड ठेवणाऱ्या यंत्राची) टक्‌-टक्‌ चालूच असते, कारण मॅग्नेट कधीच बंद नसतो. त्याची कॉइल द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवली की भागतं; क्षेत्र स्थिर असतं, आत उष्णता फारशी तयारच होत नाही. फ्यूजनमध्ये तसं जमत नाही. बदलतं क्षेत्र आणि न्यूट्रॉन, दोन्ही कॉइलच्या आतच उष्णता सोडतात. म्हणून आयटरच्या मोठ्या डी-आकाराच्या कॉइलमध्ये शेकडो बारीक तारांचा पीळ स्टीलच्या नळीत भरलाय आणि त्या तारांमधल्या फटींतून हेलियम दाबाने वाहतो. त्या एका केबलमधून ६८ हजार अँपिअर जातात! मला यातली सगळ्यात देखणी इंजिनिअरिंग हीच वाटते.

नायट्रोजन अगदीच बाद नाही बरं का. गांधीनगरच्या एसएसटी-१ या फ्यूजन यंत्रामध्ये मॅग्नेटभोवतीचे उष्णतारोधक पडदे नायट्रोजननेच ८० केल्विनपर्यंत थंड करतात. बाहेरची बरीचशी उष्णता तिथेच अडते, हेलियमवरचा भार हलका होतो. नवीन आरईबीसीओ टेप (दुर्मिळ मृदा धातू, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची सुपरकंडक्टर पट्टी) २० केल्विनलाही जबर क्षेत्र पेलते. खर्च खरा कमी होईल तो तिच्यामुळे.